पडदा मिटावा, दिवा मालवू नये

मार्चअखेरची संध्याकाळ. पेढीवर नोंदी चालू असताना संगणकाची खालची पट्टी एकाएकी गोठते. माउस फिरतो, परंतु चिन्हांवर दाबून काहीच घडत नाही. घरातील कोणी तरी उठून भिंतीवरील बटण बंद करतो. पडदा काळा होतो आणि जतन न झालेल्या नोंदी जातात. क्वचित हिशेबाची फाइलच बिघडते. वस्तुतः अडले होते ते दुकानाचे दार. गल्ला शाबूत होता.

विंडोजमध्ये डेस्कटॉपवरील चिन्हे, टास्कबार आणि फोल्डरच्या खिडक्या दाखविण्याचे काम १९९५ पासून ‘एक्सप्लोरर’ हा प्रोग्रॅम करतो. या दर्शनी भागाला शेल म्हणतात. हिशेबाचा प्रोग्रॅम त्याहून स्वतंत्र असतो. म्हणून एक्सप्लोरर मिटला तरी उघडी खातेवही उघडीच राहते.

एक खबरदारी मात्र आधी घ्यावी. पेन ड्राइव्हवर फोल्डरची प्रत काढणे चालू असेल, तर ते काम एक्सप्लोररच करीत असतो. त्याला मध्येच थांबविले, तर प्रत अपुरी राहते आणि मालक मात्र बॅकअप झाला या समजुतीत राहतो. तेव्हा प्रत पूर्ण होऊ द्यावी.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ८ पासून तेथे एक्सप्लोररच्या नावावर ‘रीस्टार्ट’ची सोय आहे, पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

आज्ञा लिहूनच शेल बंद करावयाचा असेल, तर टास्क मॅनेजरमधील नवे काम सुरू करण्याच्या चौकटीत ‘सीएमडी’ लिहावे. काळी खिडकी उघडते. तेथे ‘टास्ककिल’, मग जागा सोडून तिरकी रेघ व ‘आयएम’, पुन्हा जागा सोडून ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ असे इंग्रजी अक्षरांत लिहावे. ही बंद होण्याची विनंती होय. ती दर वेळी मानली जाईलच असे नाही. तिरकी रेघ व ‘एफ’ जोडले, की विनंतीची सक्ती होते. सक्तीने बंद होणाऱ्या प्रोग्रॅमला आवराआवर करण्यास अवधी मिळत नाही. चिन्हांची नवी मांडणी यांसारखे अलीकडचे बदल त्यात हरवू शकतात. म्हणून सक्ती हा शेवटचा उपाय.

टास्कबार प्रतिसाद देत असेल, तर विंडोज १० मध्ये याहून सौम्य मार्ग आहे. कंट्रोल व शिफ्ट दाबून ठेवून टास्कबारच्या मोकळ्या जागी उजवे बटण दाबावे. ‘एक्झिट एक्सप्लोरर’ हा पर्याय दिसतो. त्याने शेल आपली आवराआवर करून मिटतो.

शेल मिटल्यावर चिन्हे व पट्टी नाहीशी होतात. घाबरू नये. काळी खिडकी उघडी ठेवलेली असावी. तिच्यात ‘एक्सप्लोरर डॉट ईएक्सई’ लिहून एंटर दाबताच सारे परत येते. ती खिडकी चुकून मिटली असेल, तर त्याच तीन कळांनी टास्क मॅनेजर पुन्हा उघडतो.

पेढी बंद करताना रोजमेळ जुळतो, तिजोरीला कुलूप लागते, मगच दिवा मालवला जातो. संगणकालाही हाच क्रम मानवतो. भिंतीवरील बटणाकडे जाणारा हात आधी त्या तीन कळांकडे वळला, तर मार्चअखेरच्या पुष्कळ नोंदी दुसऱ्यांदा लिहाव्या लागणार नाहीत.