ठोशाच्या आधीचं अर्धं पाऊल

मुलींसाठी 'स्वसंरक्षण शिबिर' घ्यायचं म्हटलं की आपल्याला आधी कराटेचे सर आठवतात. तीन दिवस मुली हवेत ठोसे मारतात, शेवटी प्रमाणपत्रं, फोटो. परभणी जिल्ह्यात अशी शिबिरं मीही भरवली आहेत, तेव्हा ही टीका आधी माझ्यावरच. ठोसा शिकवला, समोरचा हाताच्या अंतरावर येईपर्यंत काय करायचं, ते राहूनच गेलं.

ते मला कबड्डीच्या मैदानाकडेला बसून उमगलं. महिलांचं मैदान १२ बाय ८ मीटरचं. चढाईला गेलेल्या मुलीने कुणाला शिवलं नाही, तर मध्यरेषेपासून ३ मीटरवरची निदानरेषा तरी ओलांडायलाच हवी. वेळ ३० सेकंद, तीही एका दमात. प्रत्यक्ष झटापट क्षणभराची, बाकी सगळी झुंज अंतराची. ती कोपऱ्याकडे झुकते, कोपऱ्यातली अर्धं पाऊल मागे सरते, की तेवढी जमीन गेलीच. पण साखळी धरलेल्या दोघी जागच्या हलल्या नाहीत, तर घाई चढाईवालीला होते. जपानच्या केंडोतही बांबूची तलवार उगारण्याआधी हाच दबावाचा खेळ चालतो म्हणे. गंगाखेड तालुक्यातली नववीची एक मुलगी मला सोप्यात सांगून गेली, "ताई, ती मागं सरली की मी पुढं जाते. ती गप उभी राहिली की माझाच दम जातोय."

एसटीत रेटून उभा राहणारा आधी अर्धंच पाऊल टाकून बघतो. आणि घरात? "पाहुणे नुसते बघून जाणार आहेत," हेही अर्धं पाऊलच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली.

मात्र पोरीने एकटीने घट्ट उभं राहावं, असं मी म्हणणार नाही. एकटी पुढे धावते ती बहुधा बाद होते. मैदानात पंच असतो, घरात नसतो. २००६ च्या कायद्याखाली गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमलेला आहे. तो म्हणजे आपला ग्रामसेवकच. त्याने वेळेत शिट्टी वाजवावी म्हणून दबाव आणायचा तो आपण, संघटनेच्या बायांनी. साखळी धरायची तीही आपणच.

आणि वर्षाकाठी एक शिबिर मागण्यापेक्षा ग्रामसभेत शाळेचं मैदान मागू या. संध्याकाळचा एक तास, रोज, फक्त मुलींसाठी. त्या वेळी तिथे पोरांचं क्रिकेट असतं, त्यामुळे भांडण होणार. होऊ दे.

त्या नववीच्या मुलीच्या संघात पावसाळ्यात बाराजणी होत्या. तुळशीची लग्नं उरकल्यावर आठच उरल्या. दोघी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेल्या, दोघी सासरी.