धार, फवारा आणि वाफ
बंद खोलीतील आग विझवण्याचे शास्त्र पाण्याच्या एका गुणधर्मावर उभे आहे: एक किलो पाणी २० अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता घेते, पण त्याची वाफ होताना आणखी २,२५७ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणून जे पाणी वाफ न होता जमिनीवरून वाहून जाते त्याची बहुतेक शक्ती वाया गेलेली असते. होजच्या टोकाला बसवलेल्या नोझलमधून सोडलेली सरळ धार दूरवर पोहोचून जळत्या वस्तूचा पृष्ठभाग थंड करते, तर बारीक थेंबांचा फवारा छताखाली साचलेला तप्त धूर निववतो. हा धूर स्वतःच इंधन असतो आणि त्याच्या उष्णतेने खोलीतील सर्व ज्वलनशील वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेट घेऊ शकतात. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात, आणि ती टाळण्यासाठी धुराच्या थरात फवाऱ्याचे क्षणभराचे झोत मारण्याची पद्धत १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये विकसित झाली. मात्र वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा व्यापत असल्याने, तिला बाहेर पडायला वाट नसताना फवारा अखंड चालू ठेवला, तर आत अडकलेली माणसे आणि अग्निशमन जवान तिनेच भाजू शकतात. धार केव्हा, फवारा केव्हा आणि किती वेळ मारायचा हा विवेक अंगी बाणण्यासाठी सततचा सराव लागतो, आणि त्यासाठीचा वेळ, साधने व जागा जवानांना मिळवून देणे हे प्रत्येक शहराचे कर्तव्य आहे.