या पाच लिटरचे करायचे काय?

गेल्या अंकात घरी ऑइल बदलण्यावरचा लेख छापला, तेव्हा वाटले होते की पत्रे येतील ती ड्रेन नटच्या गेलेल्या आट्यांवर, नाहीतर ऑइलच्या भावावर. आली ती वेगळीच. महूदच्या एका पिकअपवाल्याने दोनच ओळी लिहिल्या आहेत : ‘ऑइल सोडायचं कसं ते सांगितलंत. सोडलेलं न्यायचं कुठं ते सांगा.’ जुनोनी, कोळे, मंगळवेढा, आटपाडी, सगळीकडच्या पत्रांचा सूर थोड्याफार फरकाने हाच. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर आमच्याकडेही नव्हते. म्हणून ते शोधायला निघालो, आणि जे सापडले त्याने डोके तापले.

आपल्याकडे घरी ऑइल बदलणे ही हौस नाही. बहार तोडणीला आला की गाडी दिवसभर वर्कशॉपात उभी करणे कोणालाच परवडत नाही. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल सांगोल्याहून बंगालमधल्या शालिमारला निघाली, तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण त्या रेल्वेतले डाळिंबसुद्धा बागेतून स्टेशनापर्यंत गेले ते चाकांवरच. मुरमाची वाट, पहिला-दुसरा गिअर, क्रेट भरेपर्यंत चालू ठेवलेले इंजिन आणि वर वर्षभराचा फुफाटा. कंपनीने छापलेले मोठमोठे किलोमीटर या वापराला लागू नाहीत. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचा वेगळा उल्लेख असतो, तो वाचायचा. म्हणजे आपली ऑइल बदली वर्षातून तीन-तीन, चार-चार वेळा होते आणि दर वेळी पाच-सहा लिटर काळे ऑइल घमेल्यात उरते.

आता कायदा. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑइल पहिल्या अनुसूचीतच आहे, क्रमांक ५.१. ते पाठवायचे तर पिंपावर नमुना ८ ची चिठ्ठी आणि सोबत नमुना १० चे वाहतूकपत्र, तेही सात प्रतींत. प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा : पांढरी, पिवळी, गुलाबी, नारिंगी, हिरवी, निळी, करडी. कुठली मंडळाला, कुठली वाहतूकदाराला, कुठली परत पाठवणाऱ्याला, हे सगळे नियमात लिहिलेले आहे. कारखान्याला हे ठीक. टँकर भरून माल जातो, तिथे अशी शिस्त हवीच. पण आपल्या अंगणातल्या पाच लिटरच्या कॅनला हे नियम नेमके कसे लागतात, हे सांगायला कोणी तयार नाही.

आम्ही एका कार्यालयात विचारले. त्यांनी उलट विचारले, ‘तुमचा उद्योग आहे का?’ म्हटले, नाही, गाडी आहे. ‘मग हे आमच्याकडे येत नाही.’ बरे, मग ओढ्यात ओतले तर? ‘छे छे, ते बेकायदेशीर आहे.’ घरात ठेवले तर? ‘तसं ठेवता येणार नाही.’ भंगारवाल्याला दिले तर? ‘त्याच्याकडे परवाना पाहिजे.’ परवाना असलेला तालुक्यात कोण? यावर साहेबांनी दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवले आणि त्या टेबलाचे साहेब रजेवर होते.

१८ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने या नियमांत दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. जो ऑइल विकतो, त्यानेच ते वापरून झाल्यावर परत गोळा होईल हे पाहायचे, असे तिचे सूत्र. सूत्र चांगले आहे, आम्ही स्वागतच करतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची ती उत्पादक, आयातदार, संकलक आणि पुनर्प्रक्रिया करणारे यांनी. यात गाडीवाला कुठे आहे? झाडाखालचा गॅरेजवाला कुठे आहे? शिवाय उद्दिष्ट पहिल्या वर्षी पाच टक्के, पुढे टप्प्याटप्प्याने पन्नासपर्यंत. आणि ते कंपनीने स्वतः गोळा करून गाठायचे असेही नाही. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की भागले. मग एसटीची वर्कशॉपे, रेल्वेची डिझेल शेड, साखर कारखाने एवढ्यांच्या पिंपांवर हिशेब जुळत असताना सांगोल्याच्या गल्लीत कॅन उचलायला कोण कशाला येईल? विकायला मात्र प्रत्येक गावात दुकान आहे, पाटी आहे आणि पाटीवर नटसुद्धा आहे.

इथवर सरकारची आणि कंपन्यांची खरडपट्टी झाली. आता आपली.

काळ्या ऑइलचे आपण काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे. सेंटरिंगच्या पाट्यांना लावतो, वाळवीसाठी मेढींना फासतो, उरलेले बांधावर ओततो. तेल्या आणि पिन होल बोररने तालुक्यातल्या बागा मुळासकट काढायची वेळ आणली. त्या धास्तीने काही जण हे ऑइल झाडाच्या खोडालाही लावतात. खोडाला गेरूचा लेप देतात हे आपण सगळे जाणतो. त्या जागी काजळी, बेअरिंगचा झिजलेला धातू आणि जस्ताची रसायने असलेला हा चिकटा फासून झाड वाचत नाही. आणि ज्या बोअरवर ठिबक चालते, त्याच्याच शेजारी आपण हे ऑइल ओततो.

त्याहून वाईट म्हणजे विक्री. दारात येणारा भंगारवाला काळे ऑइल घेतो आणि रिकामा कॅनही घेतो. झाकण आणि लेबल शाबूत असेल तर जास्त पैसे देतो. का देतो, याचा विचार केलात? गाळून, रंग उजळून तेच ऑइल त्याच कॅनमध्ये भरले की कुठल्या तरी दुकानात दीडशे रुपये कमी भावाने ते उभे राहते, आणि ‘ओरिजिनल स्वस्तात मिळाले’ म्हणून आपल्यातलाच कोणी ते इंजिनात ओततो. दोन महिन्यांनी टर्बो शिटी मारायला लागला की शिव्या कंपनीला.

वॉरंटीबद्दल विचारणाऱ्यांना थोडक्यात : २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांवर दिलेल्या निकालात, केवळ बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असे बजावले होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. तेव्हा नुसत्या निकालाच्या भरवशावर राहू नका. ऑइलचे, फिल्टरचे पक्के बिल आणि त्या दिवशीचे रीडिंग जपून ठेवा. आणि डीपीएफ असलेल्या बीएस-६ गाडीत जुन्या सवयीने सीआय-४ ओतणाऱ्यांनी वॉरंटीचा विषयच काढू नये.

आता कामाला लागा. पाच लिटरसाठी कोणी येणार नाही, पण दोन भरलेल्या बॅरलसाठी येईल. दोनशे लिटरचे एक बॅरल भरायला पस्तीस-चाळीस गाड्यांची एक बदली पुरे. एवढ्या गाड्या तर एका मोठ्या गावात निघतात. छप्पर आणि सिमेंटची फरशी असलेली जागा बघा, झाकणाचे बॅरल ठेवा, किल्ली एकाकडेच द्या. त्यात फक्त इंजिन ऑइल जाईल. ब्रेक ऑइल, कूलंट, थिनर, डिझेल यातले काहीही मिसळले की अख्खे बॅरल वाया. फिल्टरच्या डोक्याला गरम असतानाच पोगराने भोक पाडून रात्रभर निथळत ठेवा. कॅन कापूनच टाका, अगदी मधोमध. घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक पोर्टलवर पडताळल्याशिवाय एक थेंब देऊ नका, आणि पावती घ्या. नियमात साठवणुकीची मुदत नव्वद दिवसांची आहे, ती ओलांडू नका. ज्या दुकानातून ऑइल घेता त्या मालकाला दर खेपेला विचारा : ‘परत कधी घेणार?’ तो हसेल. हसू द्या, पण पुढच्या खेपेला पुन्हा विचारा. दहा जणांनी विचारले की तो कंपनीच्या माणसाला विचारतो.

ज्या गावांत असे बॅरल आधीच आहे, त्यांनी जागेचा पत्ता आणि घेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक महिनाअखेरपर्यंत कळवावा, तालुकावार यादी पुढच्या अंकात छापू. बॅरलशेजारी हार घालून काढलेले फोटो पाठवू नयेत.