लग्नातला ड्रोन पवनचक्कीवर का चालत नाही?

बीड तालुक्यातलं चौसाळा धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. इथल्या एखाद्या तरुणाने ड्रोनचा धंदा करायचं ठरवलं, तर कामं कमी नाहीत. लग्नसराई आहे. महामार्ग दारातूनच जातो. जिल्ह्यात बालाघाटच्या माळांवर पवनचक्क्या आहेत, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत राज्यभर सोलर प्रकल्प उभे राहतायत, आणि फवारणीला माणूस मिळत नाही ही तक्रार तर कायमचीच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरचा जीएसटी सरसकट ५ टक्के झाला.

मग अडचण कुठे आहे? या प्रत्येक कामाला वेगळा ड्रोन लागतो, तिथे. ‘एकच भारीतला घेऊ, सगळं निघेल’ असं म्हणून कर्ज काढलं, तर हप्ते वेळेवर सुरू होतात, कामं होत नाहीत.

लग्नाचं सोपं आहे. हलका ड्रोन पुरतो. फक्त मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. वरात निघते संध्याकाळी, त्यामुळे कमी उजेडात कॅमेरा काय टिपतो ते बघा. सेन्सर मोठा असेल तर चित्र स्वच्छ येतं.

महामार्गाचं काम थोडं वेगळं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जून २०२१ मध्ये आपल्या प्रकल्पांचं दर महिन्याला ड्रोनने व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं केलं. गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा व्हिडिओ शेजारी लावून काम किती पुढे सरकलं ते बघायचं, हा त्यामागचा विचार. म्हणजे इथे देखण्या शॉटला किंमत नाही. ठरलेला मार्ग साठवून दर वेळी त्याच रेषेत उडणारा, बॅटरी जास्त टिकणारा ड्रोन हवा.

जमीन मोजायची असेल तर लग्नाचा ड्रोन बहुतेक वेळा बादच. साधा कॅमेरा फोटो एका झटक्यात न घेता ओळीओळीने टिपतो. ड्रोन पुढे सरकत असला की चित्र किंचित तिरपं होतं. रीलमध्ये ते कळतही नाही, पण नकाशात बांध सरकतो. आणि बांधावरून आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको! म्हणून मेकॅनिकल शटर आणि सेंटिमीटरपर्यंत जागा सांगणारी आरटीके यंत्रणा लागते. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली, ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या देखरेखीखाली.

आता पवनचक्की. पाती तपासायची म्हणजे बारीक तडा, विजेचा डाग, झिजलेली कड शोधायची. पात्याच्या फार जवळ जाता येत नाही, म्हणून झूम चांगला हवा. शिवाय पवनचक्की उभी असते तीच मुळी भरपूर वारं असलेल्या जागी. पाव किलोचा ड्रोन तिथे पतंगासारखा भरकटतो. पण खरी मेख उंचीची आहे. ग्रीन झोनमध्येही पूर्वपरवानगीशिवाय ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंतच उडता येतं. नव्या मोठ्या पवनचक्कीचा नुसता खांबच १०० ते १४० मीटर असतो, पातं त्याच्याही वर जातं. म्हणजे ड्रोन कितीही महाग असला तरी पात्याच्या टोकापर्यंत जायला आधी परवानगी लागते. विक्रेता हे सहसा सांगत नाही.

सोलरला झूमपेक्षा थर्मल कॅमेरा महत्त्वाचा. खराब सेल तापतो, तो तापमानाच्या चित्रात ठळक दिसतो. तपासणी स्वच्छ, कडक उन्हातच करायची, नाहीतर फरक कळत नाही.

फवारणीचा ड्रोन म्हणजे तर उडतं अवजारच. भरलेल्या १० लिटरच्या टाकीसह बॅटरी काही मिनिटांत उतरते. त्यामुळे बॅटऱ्यांचे जादा संच, चार्जिंगला जनरेटर आणि वाहायला गाडी हे सगळं किमतीत धरा. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांची मदत आहे, पण ती महिला बचत गटांना. घरात आई किंवा वहिनी गटात असेल तर आधी तिथे चौकशी करा.

आता कागदपत्रं. माझ्या मते निवड खरं तर इथूनच सुरू व्हायला हवी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी परवानगी घेऊन सूट मिळते, लग्नासाठी नाही. तरीही ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हणून माल मिळतोच. २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट नसेल, तर त्याला यूआयएन हा नोंदणी क्रमांक मिळत नाही. ड्रोन नियम, २०२१ मोडले तर दंड १ लाख रुपयांपर्यंत. आणि कंपनीच्या कामावर नोंदणी नसलेला ड्रोन घेऊन गेलात, तर गेटवरूनच परत यावं लागेल.

२५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोपर्यंतच्या मायक्रोला ही सूट फक्त हौशी वापरासाठी आहे. लग्नाचे पैसे घेतले की तो व्यवसाय झाला. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण हवं. ते १० वर्षं चालतं. नॅनो सोडून बाकी ड्रोनला थर्ड पार्टी विमाही लागतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर भागातल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालतायत म्हणून लोक घाबरले होते. चोर टेहळणी करतायत अशी चर्चा होती, गावकऱ्यांनी रात्री जागून पहारे दिले. ती धास्ती अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे मोजणी असो की फवारणी, उडवण्याआधी पोलीस ठाण्यात आणि सरपंचांना कळवा, अंगावर ओळखपत्र ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांचा ड्रोनबंदीचा आदेश लागू आहे का आणि डिजिटल स्काय नकाशावर तुमची जागा कोणत्या झोनमध्ये येते, हेही त्याच दिवशी बघा. कालचा नकाशा आज तसाच असेल असं नाही.