मत म्हणजे पक्षपात नव्हे

सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने १६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयासाठी अॅड. सोमशेखर सुंदरेसन यांची शिफारस केली. केंद्र शासनाने ती परत पाठविली. आक्षेप काय, तर त्यांनी समाजमाध्यमांवर न्यायप्रविष्ट विषयांवर मते मांडली, शासकीय धोरणांवर टीका केली! व्यापारी कायद्यातील व्यासंग बाजूस सारून नागरिकाच्या मतावर पूर्वग्रहाचा शिक्का मारण्यात आला. राजकीय पक्षाशी संबंध दर्शविणारे काहीही नाही, असे नमूद करून कॉलेजियमने १८ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा शिफारस केली. नेमणुकीस मात्र नोव्हेंबर उजाडला.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्याचे भूसंपादनाचे अपील याच न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जाते. तेथे त्याच्यासमोर शासनच उभे असते. शासनाला रुचेल तोच न्यायाधीश, हा दंडक आपण मुकाट्याने मानला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी?