निम्मा कर माफ, मोटार रस्त्यावर

शिंदे सरकारांच्या आमदानीत 1905 साली सुरू झालेल्या ग्वाल्हेरच्या व्यापारी जत्रेत हल्ली मोटारींची खरेदी मोठी असते. जत्रेत घेतलेल्या वाहनावरील निम्मा कर मध्य प्रदेश सरकारने अलीकडे अनेक वर्षी माफ केला आहे. गिऱ्हाईक खूष, विक्रेता खूष. परंतु ही मोटार रात्री ठेवायची कोठे, याचा विचार कर माफ करणाऱ्यांनी केला आहे काय?

लष्कर भागातील गल्ल्या आणि मराठी मंडळींचे जुने वाडे मोटारीची कल्पनाही नसलेल्या काळातले. साहजिकच मोटार रात्रभर रस्त्यावर. त्यातून भूगोल चोराला फितूर! मुरैन्यापुढे चंबळ ओलांडली की राजस्थानातील धोलपूर आणि लगेच उत्तर प्रदेशातील आग्रा, दुसरीकडे झाशी. मालकाला जाग येईपर्यंत मोटार परराज्यात पोहोचलेली असू शकते.

1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या फौजदारी कायद्यांनी वाहनचोरीचा उल्लेख संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत केला, आणि हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवण्याची तरतूद केली, हे योग्यच झाले. फिर्याद तत्काळ दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून भरपाई नाकारता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दिला आहे. मात्र कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. दुसरी किल्ली मोटारीतच विसरणाऱ्या महाभागांनी हे ध्यानात ठेवावे.

बिनकिल्लीच्या नव्या मोटारींची तऱ्हा आणखी निराळी. घरातल्या किल्लीचा संदेश यंत्राने टिपून चोर तो दारातल्या मोटारीपर्यंत पोहोचवतात. ती किल्ली पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि स्टिअरिंगला लोखंडी दांड्याचे कुलूप घालावे, हा उपाय गावठी वाटला तरी उपयोगी आहे. अर्थात दांडा पाहून चोर शेजारच्या मोटारीकडे वळतो. म्हणजे चोरी टळली असे नव्हे, ती शेजाऱ्याच्या वाट्याला गेली.

आम्हां गोमंतकीयांनी ग्वाल्हेरला हसू नये. कळंगूटला वा कोलव्याला मागच्या आसनावर पिशवी ठेवून समुद्रस्नानास जाणारे आपल्याकडे थोडे नाहीत, आणि काच फोडण्यास चोराला क्षणभरही पुरतो.

पिशवी उचलून नेणे मालकाच्या हाती आहे; वाहनतळ बांधणे त्याच्या हाती नाही. निम्मा कर सोडणाऱ्या सरकारने उरलेल्या निम्म्यातून लष्कर भागात दिवे व पहारेकरी असलेले रात्रीचे वाहनतळ उभारावेत, आणि पुढील जत्रेत सवलतीबरोबर त्यांचीही घोषणा करावी, अशी आमची सूचना आहे.