गुप्त गिऱ्हाइकाचा पेशा

सहावे निझाम मीर मेहबूब अली खान (कारकीर्द १८६९ ते १९११) रात्री वेषांतर करून शहरात हिंडत आणि प्रजेची स्थिती स्वतःच्या डोळ्यांनी पाहत, अशी आख्यायिका जुन्या हैदराबादेत अजूनही सांगितली जाते. तिच्यात खरे किती आणि लोकांनी प्रेमाने जोडलेले किती, हे कोणी सांगावे! पण तिच्यामागची कल्पना फार प्राचीन आहे. कौटिल्यानेही अमात्यांची पारख 'उपधा' लावून, म्हणजे बनावट मोहात घालून करावी, असे सांगितले आहे. आता राजे गेले. त्यांच्या जागी ठिकठिकाणी दुकाने थाटणाऱ्या मोठ्या कंपन्या आल्या, आणि वेषांतराचे ते काम मोबदला देऊन करवून घेण्यात येऊ लागले.

या कामास 'मिस्टरी शॉपिंग' असे नाव आहे; आपण त्यास गुप्त गिऱ्हाइकी म्हणू. कंपनीच्या वतीने एखादी एजन्सी आपणांस दुकानात, बँकेत किंवा मोटारींच्या शोरूममध्ये साध्या ग्राहकासारखे पाठविते. आपण चौकशी करावयाची, कधी एखादी वस्तू विकत घ्यावयाची, आणि घरी येऊन जे घडले ते लिहून द्यावयाचे. अलीकडे लेखी अहवालाबरोबर गुंडीत किंवा पिशवीच्या पट्ट्यात दडविलेल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरणही मागितले जाते. घरबसल्या नव्हे, पण घर सांभाळून करता येण्याजोगे काम म्हणून आपल्या समाजातील गृहिणी, निवृत्त मंडळी व महाविद्यालयीन मुले याची चौकशी करू लागली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

काम निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. तपासणीची तारीख आधी कळली की शाळेच्या भिंतींना चुना लागतो आणि एरवी कुलपात असलेली प्रयोगशाळा एका दिवसापुरती उघडते, हे शिक्षकांइतके कोणास ठाऊक असणार? ओळख न देता गेल्यानेच खरे दिसते. रिझर्व्ह बँकेचे अधिकारीसुद्धा ओळख न देता शाखांत जाऊन फाटक्या नोटा बदलून मिळतात की नाही हे पाहतात. मोनिका हलन आणि रेणुका साने या दोन अभ्यासक विदुषींनी दिल्लीतील बँकांत असेच गुप्त ग्राहक पाठविले होते. गुंतवणुकीचा सल्ला मागणाऱ्यास बँकेचा माणूस आपण होऊन फारसे काही सांगत नाही, आणि विचारले तर पुष्कळदा दिशाभूल करणारे उत्तर देतो, असे त्यांस आढळले. कोणत्याही तक्रारपेटीतून हे बाहेर आले नसते.

आता प्रारंभाविषयी. या व्यवसायातील संस्थांची 'एमएसपीए' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९९८ पासून आहे. एजन्सी तिची सभासद आहे की नाही, हे प्रथम पाहावे. नावनोंदणीस पैसे पडत नाहीत. अनामत, प्रशिक्षण-शुल्क, 'आधी हजार भरा, मग काम मिळेल' असले काही निघाले की तेथेच थांबावे. या कामात पैसा केवळ एजन्सीकडून आपल्याकडे यावयाचा असतो. खरेदीपुरते पदरचे घातले तर तेवढे बिल दाखवून परत मिळते. हे ठासून सांगण्याचे कारण आपल्याच शहरात आहे. जुलै २०२३ मध्ये हैदराबाद पोलिसांनी सातशे कोटींहून अधिक रुपयांची एक फसवणूक उघडकीस आणली. तिची सुरुवात मोबाइलवर आलेल्या अशाच निरुपद्रवी दिसणाऱ्या कामाने होत असे: घरी बसून परीक्षणे लिहा, तारांकने द्या, पैसे मिळवा. आरंभी थोडे पैसे खरोखरच हाती पडत, आणि मग त्या विश्वासावर मोठ्या रकमा भरून घेतल्या जात. कोणी असे फसलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम अडवून धरता येण्याची शक्यता असते.

मिळकतीविषयी भ्रम नसावा. एका भेटीचे समजा पाचशे रुपये ठरले. त्यातून रिक्षाभाडे वजा करावे, आणि जाणे-येणे, दुकानातील वेळ व अहवाल लिहिणे मिळून अर्धा दिवस धरावा. पैसेही अहवाल मंजूर झाल्यावर, बहुधा महिना-दोन महिन्यांनी येतात. यावर संसार चालणार नाही. वरखर्चास हातभार लागेल इतकेच. सरकारी नोकरांनी परवानगीवाचून या वाटेस जाऊच नये.

सुरुवात लेखी कामाने करावी, कॅमेऱ्याने नव्हे. अहवाल लिहिणे ही भाषेची कसोटी आहे आणि तेथेच पुष्कळ जण नापास होतात. 'विक्रेता उर्मट होता' हा अभिप्राय झाला. 'मी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्याने मोबाइलवरून मान वर न करता "वरच्या मजल्यावर" असे उत्तर दिले' ही साक्ष झाली. एजन्सीस साक्ष हवी असते. बोललेले शब्द जसेच्या तसे द्यावेत. तो 'नक्को' म्हणाला असेल तर 'नक्को' असेच लिहावे. (हा दख्खनीतील 'नक्को' आपल्याच 'नको'चा वंशज, हे जाता जाता.) तेलुगू, दख्खनी, हिंदी, मराठी असे सगळे कानावर पडून वाढलेल्या आपल्या मुलांना येथे मोठीच सोय आहे.

कॅमेऱ्याचे काम पत्करल्यास दोन-चार दिवस घरीच सराव करावा. गुंडीतला कॅमेरा छातीच्या उंचीवर असतो. गल्ल्यावर वाकले की चित्रात फक्त लाकडी फळी येते. साडीचा पदर किंवा ओढणी पुढे आली की सारे अंधारते. तारीख-वेळ बरोबर लावावी आणि चित्रीकरण मध्ये थांबवू नये, कारण तुटक फीत कोणी स्वीकारत नाही. एजन्सीचे अधिकारपत्र जवळ असावे. कपडे घालून पाहण्याच्या खोलीत किंवा प्रसाधनगृहात कॅमेरा चालू ठेवणे हा सरळ गुन्हा होऊ शकतो; माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमात खाजगी अंगाच्या चित्रणास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. काम झाल्यावर ती फीत घरच्यांना करमणूक म्हणून दाखविणे हेही तितकेच अनुचित.

लपविलेला कॅमेरा मुळातच निंद्य, असे मात्र मी म्हणणार नाही. साताऱ्याच्या वकील वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भवती स्त्रियांना बनावट रुग्ण म्हणून छुप्या कॅमेऱ्यासह सोनोग्राफी केंद्रांत पाठविले आणि गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध पुरावे उभे केले. त्या स्त्रियांनी पत्करलेला धोका लहान नव्हता. देशपांडे यांना २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होय. पण तेथे समोर गुन्हा होता आणि मागे १९९४ चा कायदा होता. अमीरपेठेतल्या दुकानात सकाळपासून उभा असलेला वीस वर्षांचा मुलगा ग्राहकाकडे पाहून हसला की नाही, ही बाब त्या तोलाची नव्हे. तो मुलगा कोणाच्या तरी शाळेतून गेलेला असतो, कदाचित आपल्याच गल्लीतला असतो, आणि त्याची बढती किंवा नोकरी आपल्या चित्रफितीवर अवलंबून राहू शकते.

परदेशांत अनेक ठिकाणी असे चित्रीकरण होऊ शकते, याची संमती नोकरांकडून आधीच लिहून घेतात. आपणही काम स्वीकारण्यापूर्वी एजन्सीस लेखी विचारावे: कर्मचाऱ्यांना याची कल्पना देण्यात आली आहे काय, फीत कोण पाहणार, आणि ती किती दिवसांनी नष्ट करणार? सरळ उत्तर आले तर खुशाल जावे. 'तुम्हांला काय करायचे आहे?' असे उत्तर आले तर लेखी अहवालाचीच कामे मागावीत. ती पुष्कळ असतात.